छटाकची चार तासांची तूट

मोजल्याशिवाय कोणतीही गोष्ट वाईट आहे असं म्हणू नये; आणि एकदा मोजायला घेतली की ती चांगली निघेल अशी आशा धरू नये. वजनमापे खात्याचा सगळा डोलारा या एका तत्त्वावर उभा आहे, आणि निरीक्षकसाहेबांची सव्वीस वर्षांची नोकरीही. त्यामुळे आपली पंधरा वर्षांची मुलगी फोनच्या पार आहारी गेली आहे असं त्यांना वाटू लागलं, तेव्हा इतर बापांसारखी त्यांनी आदळआपट केली नाही. त्यांनी नोंदवही आणली.

मुलीला घरात छटाक म्हणत. जन्मली तेव्हा ती पावणेदोन किलोची होती (दवाखान्याचा काटा साहेबांनी स्वतः तपासला होता, तो अकरा ग्रॅम जास्त दाखवत होता), आणि छटाक, म्हणजे शेराचा सोळावा भाग, हे जुन्या वजनांतलं त्यांचं सर्वांत लाडकं वजन. आता ती बापाच्या खांद्याला लागली होती, शाळेच्या संघातून थाळीफेक करत होती आणि साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे उरलेल्या वेळात फोनमध्ये राहत होती. लहानपणी दोघांचा एक खेळ असे. बटाटा, चप्पल, साबणाची वडी, हाताला लागेल ते तळहातावर घ्यायचं आणि वजन सांगायचं. साहेब कधी पाच ग्रॅमच्या वर चुकले नाहीत. तो खेळ बंद पडून चार वर्षं झाली होती, आणि तो फोनमुळेच बंद पडला याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. (कोणाच्या फोनमुळे, हा प्रश्न त्या वेळी उपस्थित झाला नव्हता.)

निकाल त्यांनी आधीच ठरवला होता, कारण मुरलेला निरीक्षक दुकानाची पायरी चढतानाच तो ठरवतो. वापर प्रमाणाबाहेर निघाला, की फोन वर्षभरासाठी जप्त. वर लाखेची मोहोर. तसं पाहिलं तर त्यांचं फोनशी वैर नव्हतं. त्यांना आपली पोरगी परत हवी होती, एवढंच. पण तसा रकाना नोंदवहीत नव्हता.

पहिल्या दिवसाच्या नोंदी अशा:

फोन उचलणे: एक्केचाळीस वेळा.
फोनकडे बघून हसणे: सतरा वेळा.
घरच्यांकडे बघून हसणे: निरंक.
"हं" असे उत्तर देणे: तेवीस वेळा. (पैकी नऊ प्रश्नांना "हं" हे उत्तर असूच शकत नव्हतं. उदाहरणार्थ, "आज डब्यात काय देऊ?")
एकूण काळ: तीन तास पाच मिनिटे.

आता माणसाने दिवसभर मुलीच्या मागे वही घेऊन फिरणं बरं दिसत नाही, आणि शाळेत तर येऊही देत नाहीत. म्हणून साहेबांनी स्वतःच्या फोनवर एक पहारेकरी ॲप बसवून घेतलं. छटाकने फोन उचलला की साहेबांचा फोन खिशात थरथरे. तिने ठेवला की पुन्हा थरथरे. शिवाय जागरूक पालकांचा एक ग्रुप होता. त्यात दोनशे बारा पालक मुलांच्या फोनच्या नादाबद्दल दिवसाला तीनशेच्या वर संदेश पाठवून एकमेकांना सावध करत. तेही वाचणं भाग होतं. तज्ज्ञांची व्याख्यानं होती. पडद्याने डोळ्यांचं कसं वाटोळं होतं हे पडद्यावर सविस्तर दाखवणारे चौदा भागांचे माहितीपट होते. साहेब कामाला वाघ. जेवताना, दाढी करताना, जिना चढताना त्यांनी कर्तव्यात कसूर केली नाही.

त्या आठवड्यात छटाक तीनदा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, एक विचारायचं होतं."

"दोन मिनिटं थांब. तुझंच बघतोय."

ती उभी राही. मग जाई. गेल्यावर फोन उचले, साहेबांचा खिसा थरथरे, आणि साहेब मान हलवून नोंद करत: "पुन्हा."

शनिवारी बाजारातल्या तपासणीच्या वेळी त्यांनी हे सगळं पेटीवाल्याला सांगितलं. खात्याची पितळी प्रमाण वजनं मखमलीच्या खाचांत बसवलेली असतात, आणि ती अठरा किलोची पेटी गेली वीस वर्षं पेटीवाला साहेबांच्या मागून वाहत आला होता. दोन्ही हात त्यातच गुंतल्यामुळे त्याने फोन कधी घेतला नव्हता. त्याने वहीतले आकडे नीट ऐकून घेतले.

"साहेब, प्रमाण कुठलं धरलंत?"

"म्हणजे?"

"नाही, तीन तास पाच मिनिटं जास्त, असं म्हणताय. पण कशापेक्षा जास्त?"

साहेब भर बाजारात थबकले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतकी ढोबळ चूक त्यांच्या हातून झाली नव्हती. समोर प्रमाण वजन नसताना त्यांनी साध्या भाजीवाल्यालाही कधी खोटं ठरवलं नव्हतं, आणि पोटच्या पोरीला ठरवायला निघाले होते. त्यांना मनापासून शरम वाटली. प्रमाण हवं. आणि प्रमाण म्हणजे नियमाप्रमाणे ज्याच्यात खोट नाही, झीज नाही, ज्याला भेसळीचा संशयही शिवलेला नाही असा नमुना. घरात असा माणूस कोण, याचा त्यांनी रविवारी सकाळी चहा पिता पिता निःपक्षपातीपणे विचार केला, आणि दुसरं कोणीच सुचेना तेव्हा नाइलाजाने स्वतःला निवडलं.

मग त्यांनी स्वतःच्या फोनमधले आकडे काढले. उचलणे: एकशे त्रेसष्ट वेळा. एकूण काळ: सात तास वीस मिनिटे.

दुसरा एखादा असता तर आकडा बघून गडबडला असता, चष्मा पुसला असता, कदाचित नोंदवहीच माळ्यावर टाकून दिली असती. साहेबांचं तसं नव्हतं. खात्याचा पहिला नियम त्यांच्या हाडीमाशी खिळला होता: प्रमाण वजन आणि दुकानातलं वजन यांत फरक आला, तर प्रमाण चुकत नाही. मागे एका किराणावाल्याने "तुमचंच वजन खोटं नसेल कशावरून?" असं विचारलं होतं, तर साहेब आणि पेटीवाला दोन दिवस हसत होते. हिशेब स्वच्छ होता. प्रमाण सात तास वीस. छटाक तीन तास पाच. तूट चार तास पंधरा मिनिटे.

मुलगी वजनात कमी भरत होती.

वाईट वाटलं तरी कर्तव्य टळत नाही. त्यांनी दोन प्रतींत नोटीस काढली, एक छटाकच्या हातात दिली आणि दुसरीवर तिची पोच घेतली. "आपल्या दैनंदिन फोनवापरात प्रमाणापेक्षा चार तास पंधरा मिनिटांची तूट आढळली असून ती सात दिवसांत भरून काढावी, अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल."

छटाकने नोटीस दोनदा वाचली.

"बाबा, सवाचार तास आणू कुठून? शाळा आहे, क्लास आहे, दोन तास मैदानावर जातात."

"ते तू बघ. मी नोकरी करून भागवतोच ना?"

आईने पोळपाट बाजूला सारला. ती दवाखान्यात रुग्णांना नंबर देण्याचं काम करते, त्यामुळे वेड्या माणसाशी शांतपणे बोलायची तिला सवय आहे.

"अहो, तुम्ही शुद्धीवर आहात का? पोरगी फोन कमी वापरते, म्हणून तुम्ही तिला नोटीस देताय?"

"मी नाही देत. नियम देतो," साहेब म्हणाले, आणि खिसा थरथरला म्हणून त्यांनी फोन बाहेर काढला.

मुदतीचे सात दिवस सुरू झाले, आणि तूट भरून निघायच्या ऐवजी वाढतच गेली. सोमवारी दोन तास. मंगळवारी पन्नास मिनिटं. बुधवारी वीस. साहेबांचा खिसा तासन्‌तास थरथरेना, त्यामुळे ते बेचैन होऊन दर पाच मिनिटांनी फोन काढून तो बंद तर पडला नाही ना हे बघू लागले, आणि प्रमाण आठ तासांवर गेलं. गुरुवारी त्यांनी छटाकला सुनावणीला बोलावलं. सुनावणी जेवणाच्या टेबलाशी झाली.

"हा उघड उघड नोटिशीचा अवमान आहे," साहेब म्हणाले. "काय म्हणणं आहे तुझं?"

"सवय करतेय बाबा. तिथे फोन चालत नाही."

"तिथे म्हणजे कुठे?"

छटाक आईकडे बघू लागली. आई साहेबांकडे.

"क्रीडाशाळेत," आई म्हणाली. "थाळीफेकीसाठी निवड झालीय तिची. दोन वर्षं तिथेच राहायचंय. मी तिला म्हटलं, आधी बाबांना विचार. तिने विचारलं, तुम्ही हो म्हणालात, मग मी सही केली. रविवारी सोडायला जायचंय."

"मी? मी कधी हो म्हणालो?"

"तीनदा आले होते मी," छटाक म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच साहेबांना जास्त लागलं. "तुम्ही फोनमध्ये होता. म्हणून मग फोनवरच विचारलं."

साहेबांनी फोन काढला. जागरूक पालकांच्या एकशे चाळीस न वाचलेल्या संदेशांच्या खाली, गेल्या शुक्रवारी दुपारी, तो होता. "बाबा, क्रीडाशाळेत निवड झाली. दोन वर्षं तिथे राहावं लागेल. फोन चालत नाही, महिन्यातून एका रविवारी भेटता येतं. तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार. जाऊ ना?" आणि त्याखाली साहेबांनी पाठवलेला पिवळा अंगठा. त्या दुपारी त्यांनी असे एकसष्ट अंगठे पाठवले होते.

त्यांनी तो संदेश पुन्हा वाचला. नको म्हणालात तर नाही जाणार, असं पोरीने लिहिलं होतं. सव्वीस वर्षांत त्यांनी एकही वजन न तपासता त्यावर शिक्का मारला नव्हता. आणि हा मारला होता. आता शब्द मागे घ्यायचा तर तो वाचला नव्हता असं कबूल करावं लागणार होतं, आणि पोरीचा चेहरा तर आठवडाभर उजळलेला होता, हेही त्यांना आत्ता दिसत होतं.

"जा," ते म्हणाले.

"मला करमेल बाबा," छटाक म्हणाली. "तुमचं काय?"

रविवारी क्रीडाशाळेच्या फाटकाशी लाकडी कप्प्यांचं एक मोठं कपाट होतं. मुलं येत, फोन बंद करत, कप्प्यात ठेवत आणि आत पळत. साहेबांनी सवयीने घड्याळ लावून पाहिलं: दर मुलामागे सरासरी चार सेकंद. मुलीला आत पोचवून खोली बघून यायला पालकांना एक तास होता. अट एकच, त्यांनीही फोन ठेवायचा. पण फाटकाच्या डाव्या हाताला एक पालक प्रतीक्षा कक्षही होता. चाळीस खुर्च्या, चव्वेचाळीस चार्जिंगच्या जागा. कक्ष खच्चून भरला होता.

"हा कशाला?" साहेबांनी वॉचमनला विचारलं.

"आधी नव्हता साहेब. पण मुलं निमूट फोन देतात, पालक फाटकातच अडून बसतात. रस्ता तुंबायचा. मग बांधला."

छटाकने फोन बंद केला. त्याच क्षणी साहेबांचा खिसा थरथरला. त्यांनी फोन काढून वाचलं: "आपले पाल्य दिसत नाही. कृपया शोध घ्यावा." ते काळजीने पुढे-मागे बघू लागले. पाल्य चार फुटांवर पिशवी घेऊन उभं होतं.

"बाबा, इकडे."

साहेबांनी फोन कप्प्यात ठेवला. त्यांना पावणेदोन मिनिटं लागली.

खोली लहान होती. दोन खाटा, दोन कपाटं, मैदानाकडे उघडणारी खिडकी. आई चादर घालू लागली. छटाकने पिशवीतून आपली थाळी काढली आणि काही न बोलता बापाच्या तळहातावर ठेवली. साहेबांनी डोळे मिटले. चार वर्षांनी हातावर काहीतरी आलं होतं, आणि ते थरथरत नव्हतं.

"नऊशे नव्वद," ते म्हणाले. "किलोला दहा ग्रॅम कमी. कडा झिजलीय. अशी चालायची नाही स्पर्धेत."

"सरांनी काट्यावर घातली, तेव्हा नऊशे एक्क्याण्णव भरली," छटाक म्हणाली, आणि हसली. साहेबांकडे बघून.

नोंदवही घरी राहिली होती. नाहीतर निरंक खोडून तिथे एक लिहावा लागला असता. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हा क्षण फोटोत धरावा म्हणून त्यांचा हात आपोआप रिकाम्या खिशाकडे गेला.

"फोनशिवाय अकरा मिनिटं," छटाक घड्याळ बघून म्हणाली. "पुढच्या महिन्यात बारा करा."

विसाव्या मिनिटाला साहेब काहीतरी तातडीचं असेल म्हणून फाटकाशी परतले. तातडीचं काही नव्हतं. कक्षात एक खुर्ची नुकतीच रिकामी झाली होती.

ही हकीकत न थांबता वाचायला आठ मिनिटं लागतात. पेटीवाल्याने वाचली, त्याला आठ लागली. साहेबांना सत्तावीस. तुमची नोंद घ्यायला कोणी येणार नाही, मात्र खात्याचा पहिला नियम लक्षात असू द्यावा: फरक आला, तर प्रमाण चुकत नाही. आणि नेमका किती वेळ लागला हे बघायला म्हणून फोन हातात घेतलाच असेल, तर तो खाली ठेवेपर्यंतचा वेळही त्यातच धरावा.