मानद सभासद लांबचाच हवा

आमच्या शेजारच्या वर्तकांनी इतिहास मंडळ काढलं, त्यात मतदान चवळीनं व्हायचं. नाव पसंत असेल तर डब्यात पांढरी चवळी, नापसंत असेल तर काळा उडीद.

मी चौथी शिकलेला माणूस. मुलगा परदेशात, जुरोंग आयलंडवर कामाला, म्हणून देश सोडून आम्ही म्हातारा-म्हातारी आंग मो किओला आलो. वर्तक बँकेतून रिटायर झालेले, एकटे. अमेरिकेतल्या पहिल्यावहिल्या इतिहास मंडळांवरची जाडी पुस्तकं वाचून डोकं फिरलेलं. ती मंडळं म्हणे समुद्रापलीकडच्या थोरांना मानद सभासद करायची. त्यांनी बैठकीला यायचं नाही, वर्गणी द्यायची नाही, नुसतं लांब राहायचं.

"एवढंच? ते तर माझा मेहुणाही करतो," मी म्हटलं.

"नाव सांगा, आबा! घेऊ ठरावाला!"

आणि घेतला. नाशिकचा एक दातांचा डॉक्टरही घेतला. त्या बिचाऱ्याला अजून पत्ता नाही.

मतदार तिघं: वर्तक, मी आणि समोरचे अंकल लिम. ते काहीही न कळता "कॅन, कॅन", म्हणजे चालेल चालेल, म्हणत चवळी टाकायचे. एकेकाचं मत मूठभर, कारण मतदान झालं की आमची ही त्याच चवळीची उसळ करायची. वर्तक वाटी पुन्हा पुन्हा पुढे करायचे.

एकदा ही म्हणाली, "भाऊजी, मलाही करा की मानद."

"वहिनी, तुम्ही भिंतीपलीकडे राहता. नियमात बसत नाही. मानद सभासद लांबचाच हवा!"

ही घुश्शात. पुढच्या बैठकीची उसळ अशी झणझणीत, की अध्यक्ष वर्तकांच्या नाकातून पाणी.

मागल्या वर्षी ती गेली. मंडळ बंद पडलं. मला कुणाचं तोंड बघायला नको होतं.

मग एका रविवारी दारावर थाप. कडक इस्त्रीच्या शर्टात वर्तक, हातात डबा, मागे लिम. "आबा, बैठक आहे."

खाली व्हॉइड डेकवर, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, दगडी टेबलाशी बसलो. वर्तक उभे राहिले. "वहिनींचं नाव मांडतो. आता त्या नियमात बसतात."

लिम म्हणाले, "आंटी? कॅन ला!" आणि दोन्ही मुठी रिकाम्या केल्या. मीही चवळी टाकली. वर्तकांनी डबा टेबलावर पालथा केला. पांढरंशुभ्र! औषधाला उडीद नाही. आम्ही तीन म्हातारे असे ओरडलो, की बसस्टॉपवरची माणसं वळून बघायला लागली.

उसळ वर्तकांनीच केली, हिच्या ओट्यावर. खारट झाली. मी चाखून तसं तोंडावर सांगितलं. आम्ही तिघं जेवायला बसणार, तर वर्तक चौथी वाटी भरून झाकून ठेवत होते.

"ही कुणाला?"

"सभासदाला," वर्तक पुटपुटले. "लांबून यायचं, आबा. वेळ लागतो."