पाठीतलं चोरीचं कनेक्शन

वायरिंगमध्ये आपला हात धरणारा अजून जन्माला यायचाय! बावीस वर्षं वायरमन आहे मी. तिसऱ्या मजल्यावर दिवा मिणमिणला, तर खाली जिन्यात उभं राहून सांगतो कुठला स्क्रू सैल झालाय ते. त्यामुळे आमच्या लेकीनं, चिमणीनं, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी माणसाच्या चेतासंस्थेचं मॉडेल करायला घेतलं, तेव्हा मी अख्ख्या बिल्डिंगला सांगून आलो. चेतासंस्था म्हणजे काय हो? शरीराचं वायरिंगच की!

चिमणी नववीत आहे. चाळीस मॉडेलांतून एकच पुढच्या मोठ्या प्रदर्शनाला जाणार होतं आणि गेल्या वर्षी तिचं अर्ध्या मार्कानं हुकलं होतं. चार दिवस नीट जेवली नव्हती पोरगी. म्हणून यंदा तिनं मला तंबीच दिली, "बाबा, नुसतं बघायचं. हात लावायचा नाही!"

मी नुसतं बघत होतो, आईशपथ! प्लायवूडचा माणूस. डोक्यात पिवळा बल्ब, तो मेंदू. पाठीत जाड केबल, तो मेरुरज्जू. लाल वायरी बातमी नेणाऱ्या, निळ्या हुकूम आणणाऱ्या. बोटाला पत्र्याची पट्टी, तापली की चालू होणारी. खांद्यात छोटी मोटर, हात मागे ओढायला. काय सफाई होती! रक्तातच असावं लागतं ते.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी ती अंघोळीला गेली आणि मी शेवटची नजर टाकली. बघतो तर काय, पाठीतच एक लाल वायर निळीला जोडलेली! डोक्याला न विचारता, मधल्यामध्ये! आमच्या धंद्यात याला चोरीचं कनेक्शन म्हणतात. मेन स्विचच्या परवानगीशिवाय मोटर फिरणार? आणि तीही माझ्या लेकीच्या मॉडेलात?

पाच मिनिटांत मी तो तुकडा उपटला, निळी वायर थेट डोक्यापर्यंत नेली आणि कानामागे स्विच बसवला. आता मेंदूनं बटण दाबल्याशिवाय हात हलायचा नाही! काम इतकं बेमालूम, की कुणाला पत्ता लागू नये.

"हात नाही ना लावलात?" चिमणीनं केस पुसत विचारलं.

"छे! मी कशाला लावतोय?"

शाळेच्या हॉलमध्ये परीक्षक बाई आल्या. चिमणीनं मेणबत्ती पेटवून प्लायवूडच्या बोटाखाली धरली. "बाई, बघा हं. हात आधी मागे येईल, मेंदूला मागाहून कळेल."

डोक्यातला बल्ब लख्ख पेटला. हात जागच्या जागी!

"याला कळलंय," बाई म्हणाल्या, "पण हा हलत नाहीये."

"हलेल, बाई. एक मिनिट."

बोटाचा रंग फुगला. धूर निघाला. गडी डोक्यात दिवा लावून शांतपणे जळत होता! शेजारच्या टेबलावर ज्वालामुखीचं मॉडेल होतं, त्याच्यापेक्षा आमचा धूर जास्त.

"स्विच!" मी पालकांच्या रांगेतून ओरडलो. "कानामागचा स्विच दाब!"

चिमणीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या आईनं तर असं पाहिलं, की विचारू नका. "लावलात ना हात?" बायको म्हणाली.

"बाबा, ती प्रतिक्षिप्त क्रिया होती!" चिमणीचे डोळे भरून आले. "तीच तर दाखवायची होती!"

लेकीचं हे वर्षही गेलं, आणि ते मी घालवलं. मी तीरासारखा धावलो, स्विचवर हात मारायला, आणि घाईत धरली ती तापलेली पट्टी! हात झटक्यात मागे आला, कोपर खुर्चीवर आपटलं, आणि मग कुठे मी बोंबललो, "आई गं!"

चिमणीनं मेणबत्ती विझवली. बाहीनं डोळे पुसले.

"बाई, आता बघितलंत?" ती म्हणाली. "हात आधी आला, ओरडले नंतर. भाजल्याची बातमी मेरुरज्जूपर्यंत गेली आणि तिथूनच हुकूम फिरला. मेंदूच्या परवानगीसाठी थांबले असते, तर बोट हातचं गेलं असतं."

"आणि पाठीतलं ते कनेक्शनच काढलं तर?"

"तर हे होतं," तिनं प्लायवूडचं काळं बोट दाखवलं.

"कोणी काढलं ते?"

"बाबांनी. ते फार चांगले वायरमन आहेत, बाई. फक्त माणसाचं वायरिंग त्यांना नवीन आहे."

बाई इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे टिपायला लागल्या. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि चिमणीच्या पाठीवर थाप मारली. चाळिसातून एक, माझी लेक! बोट ठणकत होतं, कोपर सुजलं होतं, पण मी भेटेल त्याला थांबवून सांगत होतो, "ती माझी मुलगी!"

काल तिनं पुढच्या प्रदर्शनाचा फॉर्म भरला. मी कौतुकानं खांद्यावरून डोकावलो. सोबतच्या साहित्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: प्लायवूडचा माणूस, एक. मेणबत्त्या, दोन. भाजल्याचं मलम, एक ट्यूब. वडील, चालू स्थितीत, नग एक.