पहिला उकार दीर्घ

हेल्मेटच्या जाळीतून चहा पिता येत नाही, हे सदानंदला दुसऱ्यांदा कप आपटल्यावर पटलं.

“काढ ना ते,” जयंती म्हणाली.

“सवय व्हायला पाहिजे. रविवारी दिवसभर घालायचंय.” त्याने चहात स्ट्रॉ घातला.

जपानातल्या हिगाशी-कसाईच्या मराठी मंडळात गणपतीला दरवर्षी एक नाटुकलं व्हायचं. पण गेल्या वर्षी ओसाकाच्या मंडळाने चक्क सिनेमा काढला आणि सदानंदची झोप उडाली. त्याने एक जुना इंग्रजी विनोदी सिनेमा निवडला. तुरुंगातले कैदी अमेरिकन फुटबॉलचा संघ बांधतात आणि शिपायांशी सामना खेळतात. त्याचा मराठी रीमेक करायचा. खेळाचे नियम कुणालाच ठाऊक नव्हते. “कबड्डीच रे, फक्त चेंडू घेऊन,” असं सदानंदने सर्वांना समजावलं. जेलर म्हणून जयेशची निवड एकमताने झाली, कारण ऑफिसात तो बाकीच्यांचा मॅनेजर होता. जयंतीने आपल्या विद्यापीठातल्या संघाकडून हेल्मेटं मागून आणली होती, ती सोमवारी परत द्यायची होती. म्हणजे शूटिंग रविवारीच, नाहीतर यंदाही नाटुकलं.

राहिलं होतं मैदान. ते मागायला जयंतीच जाणार, कारण मंडळात तिची जपानी सगळ्यात बरी.

“वहिनी, शूटिंग हा शब्द काढू नका,” जयेशने बजावलं. “त्याला वेगळी परवानगी लागते. नुसतं खेळायचंय म्हणा.”

जपानीत नवऱ्याला शुजिन म्हणतात आणि कैद्याला शूजिन. पहिला शब्द जयंतीला येत होता, दुसरा अजून धड्यात आला नव्हता. शाळेत मराठीच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घापायी तिचे कायम गुण गेले होते. जपानीच्या बाईही दर तासाला सांगायच्या, “भारतीय लोक स्वर आखडतात. सावकाश लांबवा.”

जयंतीने सावकाश लांबवला.

“मैदानावर कोण खेळणार?” पालिकेच्या काउंटरवरच्या मोरिता-साननी विचारलं.

“आमचे शूजिन. अकरा जण.”

मोरिता-सानचं पेन थांबलं. “तुमचे?”

“एक माझा. बाकीचे मैत्रिणींचे.”

“ते एकटेच येतील?”

“छे! आम्ही बरोबर असू. एकटे सोडले तर कुठेही भरकटतात.”

“नेहमी बाहेर येतात?”

“कुठलं! आठवडाभर आतच. अंगाला ऊन लागत नाही. म्हणून तर रविवार मागतेय.”

मोरिता-साननी चष्मा पुसला. “किती वर्षं झाली?”

“माझ्या त्याला बारा.”

“आणि अजून किती?”

प्रश्न जरा खासगीच होता. “आमच्याकडे जन्मभराचंच असतं,” जयंती हसून म्हणाली.

त्या हसण्याने मोरिता-सानना भरून आलं. “वागणूक?”

“पुष्कळ सुधारलाय. स्वतःचं ताट स्वतः घासतो.”

मोरिता-सान उठून कमरेत वाकले. संध्याकाळी फोन आला, मैदान मंजूर.

“माझ्या जपानीवर उगाच शंका घेता सगळे,” जयंती म्हणाली.

रविवारी पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतले अकरा कैदी, प्रत्येक लाल सिग्नलला शिस्तीत थांबत, सायकलींवरून मैदानावर पोचले. पुढे जयेश, गळ्यात शिट्टी, हातात दंडुका. मागे त्याची बायको चैत्राली, कॅमेरा घेऊन. मैदानावर वस्तीतले आजी-आजोबा ओळीने उभे होते. टेबलावर बार्लीचा गार चहा, भाताचे ओनिगिरी आणि बाजूला दोन पोलीस.

सदानंद हरखला. “जयंती, एक्स्ट्रा कुठून गं आणलेस? पोलीस तर अगदी खरे वाटतायत!”

मोरिता-साननी छोटं भाषण केलं. चूक कुणाच्याही हातून होते, समाजाचं दार उघडं आहे, वगैरे. जयंतीला निम्मं कळलं. परदेशी लोकांचं स्वागत असं करत असतील, असं ती धरून चालली. मग एका आजींनी तिचा हात हातात घेतला आणि सदानंदकडे बोट दाखवलं.

“याने काय केलं होतं?”

“सॉफ्टवेअर.”

आजींनी मान हलवली. “हल्ली तसलेच गुन्हे फार.”

‘गुन्हा’ हा शब्द धड्यात होऊन गेला होता. जयंतीने मोबाइलवर शब्दकोश उघडून ‘शुजिन’ शोधलं. दोन्ही शब्द तिथे एकाखाली एक होते. बिघडलेला प्रयोग तपासावा तसं तिने काउंटरवरचं संभाषण पहिल्यापासून आठवलं, आणि ‘जन्मभराचंच’पाशी आल्यावर मोबाइल पर्समध्ये ठेवला.

“मोरिता-सान, मोठी चूक झाली. हे कैदी नाहीत. हे नवरे आहेत.”

मोरिता-साननी मैदानाकडे पाहिलं. जयेश दंडुका आपटत होता. सदानंद चेंडू पोटाशी धरून पोलिसामागे लपला होता.

“पण तुमचा उच्चार अगदी स्पष्ट होता,” ते म्हणाले. “आणि हे कपडे?”

जयंतीने सगळं सांगितलं. सिनेमाचंही.

“नवऱ्यांच्या क्लबला महिनाभर आधी अर्ज लागतो. शूटिंगला वेगळा. म्हणजे आजचं मैदान रद्द.” ते थांबले. “कैद्यांबद्दल मात्र नियमच नाही. म्हणूनच परवानगी देता आली.”

चैत्रालीने कॅमेरा खाली घेतला. मोरिता-साननी घड्याळ पाहिलं.

“पाच वाजेपर्यंत त्यांना कैदीच राहता येईल?”

“येईल.”

“शिस्त लागेल. कैदी मैदान झाडतात. कचरा वेगळा करतात.”

“करतील,” जयंती आणि चैत्राली एकदमच म्हणाल्या.

शिपाई व्हायला मंडळात माणसंच उरली नव्हती, म्हणून तो संघ आजोबांनी आणि पोलिसांनी मिळून बांधला. तोच जिंकला, कारण ते आदल्या दिवशी नियम वाचून आले होते. मग आजींच्या देखरेखीखाली साफसफाई झाली. जळणारा कचरा कुठल्या वारी टाकतात हे सदानंदला इतक्या वर्षांत सांगता आलं नव्हतं. त्याने बाटल्यांची झाकणं वेगळी केली, वेष्टनं सोलली, बाटल्या विसळल्या आणि आजींना वाकून दाखवल्या.

परतताना तो खुशीत होता. “सिनेमा भन्नाट होणार! ओसाकावाले बघतच राहतील. पण त्या आजी सारख्या माझ्या पाठीवरून हात का फिरवत होत्या गं?”

“माया,” जयंती म्हणाली. “पुढचा रविवारही देतायत. झाडायच्या अटीवर.”

“देऊ दे की!” तो सायकल ढकलत पुढे गेला.

चैत्राली जयंतीजवळ सरकली. “अर्जात कुठला लिहायचा गं, ऱ्हस्व की दीर्घ?”

जयंतीने पुढे पाहिलं. सदानंद रस्त्यात थांबून, आपल्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीचं झाकण काढून खिशात ठेवत होता.

“दीर्घच,” ती म्हणाली.