भुरकोबाच्या उजव्या जोड्यातली गादी

बाळांनो, हात जोडा, मारुतिरायाचे स्मरण करा आणि ऐका. एका जंगलात सारे ससे जोडे घालून धावत. जोडे एकाच मोच्याने शिवलेले, अगदी एकसारखे.

दर हनुमान जयंतीला तेथे डोंगराभोवती शर्यत होई. वाटेत मारुतीचे देऊळ होते. जोडे उतरवून नमस्कार केल्यावाचून कोणी पुढे जायचे नाही, असा दंडक होता.

भुरकोबा नावाचा ससा सलग चार वर्षे शेवटचा आला होता. पंचांनी बजावले, "यंदाही शेवटचा आलास, तर शर्यतीतून तुझे नाव कायमचे कमी."

भुरकोबा रडत पावलांचे वैद्य साळिंदरशास्त्री यांच्याकडे गेला. शास्त्रीबुवांनी त्याला ओल्या मातीवर उभे केले आणि ठसा न्याहाळला.

"उजवा तळवा पोळीसारखा सपाट! कमानच नाही. जोड्यात आतल्या बाजूने उंच गादी घालू."

"धावता येईल ना, बुवा?"

"धावता? अरे, उड्डाण करशील!"

गादी बसली. भुरकोबा नाचतच शर्यतीला आला. दरवर्षीचा विजेता तुरतुर्या फिदीफिदी हसला. "काय भुरकोबा, गादी आणलीस, मग उशी कुठे विसरलास?"

शर्यत सुटली. देवळापाशी जोड्यांचा ढीग पडला. तुरतुर्याने अर्धामुर्धा नमस्कार केला, हाताला लागलेले जोडे चढवले आणि सुसाट सुटला. जोडे होते भुरकोबाचे!

धडधाकट पावलाखाली ती उंच गादी! उजवा पाय बाहेर कलू लागला. तुरतुर्या उजवीकडे सरकला. इतर ससे वर्षानुवर्षे त्याच्या शेपटीकडे पाहूनच धावत. तेही सरकले. पाहता पाहता अवघी शर्यत करवंदीच्या जाळीत!

भुरकोबाचा नमस्कार मात्र साष्टांग. तो उठला तेव्हा एकच जोडी उरली होती. ती घालून, रामनाम घेत, तो सरळ वाटेने बागडत गेला आणि पहिला आला.

"धन्य तुमची गादी, शास्त्रीबुवा!" शर्यत पाहायला आलेल्या बुवांपुढे त्याने लोटांगणच घातले.

इतक्यात अंगभर काटे घेऊन तुरतुर्या लंगडत आला. उजवा जोडा काढून किंचाळला, "गादी माझ्या पायात आहे, गाढवा!"

शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले, "मग? गुण आलाच ना?"

तात्पर्य: शर्यत जिंकायची असेल, तर आपल्या मापाची उत्तम गादी अवश्य करवून घ्यावी. ती प्रतिस्पर्ध्याच्या पायात घालण्याचे काम तेवढे मारुतिरायावर सोपवावे.