वादळवीराचा फ्रिजशी सामना

चौकटीत संवादाचा फुगा कुठे बसवायचा आणि 'धडाम' किती जाड काढायचं, हे माझ्याइतकं कुणालाही कळत नाही! 'वादळवीर' या कॉमिक्सची अक्षरं पहिल्या अंकापासून मीच काढतोय. पूर्वी आमचा वादळवीर उडतानासुद्धा ओरडायचा, "बघा, मी उडतोय!" वाचकाला डोळे असतात यावर आमचा कुणाचा विश्वासच नव्हता.

मग नव्या संपादकबाई आल्या. वय माझ्या मुलीएवढं. म्हणाल्या, "काका, सुपरहिरो आता बदललेत. हा अंक जमला तर काम तुमचंच. नाहीतर अक्षरं कंप्युटरवर करून घेऊ."

घरी मी गरजलो, "कंप्युटरची काय बिशाद!"

"अहो, बदललंय काय ते आधी विचारून घ्या," बायको म्हणाली.

मी कशाला विचारतोय!

पानं आली. वादळवीर सगळं सोडून घरी बसलेला. चेहरा असा, की अक्कलदाढ ठणकत असावी. आणि शेवटच्या आठ पानांवर एक शब्द नाही! गडी कप विसळतो, केप वॉशिंग मशीनमध्ये टाकतो, फ्रिज उघडतो, बघत राहतो, बंद करतो. संपला अंक!

मी लेखकाला फोन लावला. कालपरवाचं पोरगं, दाढी मात्र ऋषीसारखी.

"अहो, शेवटचे संवाद राहिलेत!"

"राहिले नाहीत काका. तिथे संवादच नाहीत."

"मग शत्रू कुठंय?"

"शत्रू नाहीच. तो एकटा आहे."

"अहो, मग तो मारतो कुणाला?"

"कुणालाच नाही!"

मी काय ते ओळखलं. पोराचं लिहून झालं नव्हतं आणि कबूल करायची लाज वाटत होती. मला त्याची दयाच आली. संपादकबाई परगावी, छापखानेवाला पानांसाठी डोक्यावर बसलेला. म्हटलं, आपणच सांभाळून घेऊ!

आधी शत्रू शोधला. अख्ख्या स्वयंपाकघरात वादळवीराच्या तोडीस तोड उंचीचा एकच इसम होता. फ्रिज! त्याचं नाव ठेवलं शीतासुर. वादळवीर दार उघडतो तिथे लिहिलं, "हा हा हा! ये, तुला गोठवून टाकतो!" दार बंद करतो तिथे, "संपला तुझा खेळ, शीतासुरा! धडाम!!" वॉशिंग मशीनलाही एक दणदणीत 'घर्रर्र' दिला. पानं भरून वाहायला लागली!

अंक बाजारात गेला आणि मला बोलावणं आलं. लेखक डोकं धरून बसला होता.

"काका, ती पानं म्हणजे त्याचं एकटेपण होतं हो!"

"मग मी सोबतच दिली ना त्याला!"

"कंप्युटर निदान मनाचं काही लिहीत नाही," बाई थंडपणे म्हणाल्या. या वयात मला दुसरं येतंय काय? खरं सांगतो, रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात विक्रीवाला धापा टाकत आत आला. "अंक संपले! दुकानदार विचारतायत, शीतासुर परत कधी येणार?"

बाईंनी लेखकाकडे पाहिलं. लेखकाने छताकडे पाहिलं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "शीतासुराचा स्वतंत्र अंक काढू. अक्षरं काकांची."

त्या दिवशी घरी कॉलर ताठ करून शिरलो! बायकोलासुद्धा बोलायला जागा ठेवली नाही.

परवा नव्या अंकाची पानं आली. लेखकाने शीतासुराला दुःखी भूतकाळ दिलाय. घरातले सगळे सोडून गेलेत आणि रिकाम्या स्वयंपाकघरात फ्रिज एकटाच उभा आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत! एक शब्द नाही! मी घाईघाईने फोन केला.

"अहो, निदान एखादा 'घुर्रर्र' तरी घालू द्या."

"नको काका. वीज गेलीय."

नोकरी टिकली म्हणायची. सगळा अंक मी पानांचे आकडे घालत बसलो. पण आकडे असे ठसठशीत काढलेत म्हणता, बघत राहाल!