कंटेनरमधला नारळ

आनंदनगरच्या शेडवर चकलीच्या आठशे खोक्यांनी भरलेला कंटेनर बंद होणार, तेवढ्यात विठाबाईंनी "थांबा रे" म्हणत आत एक नारळ ठेवला. त्यांच्या लेकाची, अवधूतची, ही परदेशातली पहिली ऑर्डर. माल दिवाळीआधी मस्कतला पोचला तर तिकडच्या दुकानवाल्या भावनाताई दर वर्षी घेणार, नाहीतर रामराम. असा माल पूजेशिवाय पाठवायचा?

"आई, कस्टमच्या यादीत नारळ नाहीये," सून प्राची म्हणाली.

"देवाच्या वस्तूची कसली यादी? तुझं रुखवत तरी कुठे यादीप्रमाणे आलं होतं?"

कंटेनरला सील लागलं.

बंदरातल्या मशीनला चौकोनी खोक्यांत एक गोल गरगरीत वस्तू दिसली. कंटेनर बाजूला काढला. "या तो लिस्ट में लिखो, या बाहर निकालो," साहेब म्हणाला. घाबरलेल्या अवधूतने ऑफिसातून यादीत घातलं, 'नारळ, एक नग.' तोवर तिकडे बंदरात ड्रायव्हर संतोषने नारळ बाहेर काढून प्रसाद म्हणून घरी पोचवलाही. विठाबाईंनी त्याच्या वड्या थापल्या.

या घोळात डायरेक्ट मस्कतचं जहाज गेलं. पुढच्या आठवड्याचं बंदराला लागलंच नाही. मग माल कोलंबोमार्गे.

"तिथे उतरवणार, दुसऱ्या जहाजात चढवणार," अवधूत म्हणाला. "भाडं जास्त, दिवस जास्त. डायरेक्ट जहाज असलं तरच आपल्यासारख्यांचा धंदा टिकतो, आई."

"म्हणजे ठाण्याला जायला आधी उलटं कर्जत गाठायचं. कुठल्या शहाण्यामुळे हे?"

"नारळ ठेवणाऱ्या."

दिवाळी आली नि गेली, माल समुद्रातच. भावनाताईंचा फोन आला. त्या ऑर्डर रद्द म्हणायच्या आत विठाबाईंनी फोन हिसकावला.

"काय गं, तुळशीचं लग्न लागेपर्यंत दिवाळी असते, हे तिकडे जाऊन विसरलीस? लग्नाला आलेल्यांच्या हातावर काय नुसता ऊस ठेवणार?"

माल लग्नाच्या आदल्या दिवशी पोचला आणि चार दिवसांत संपला. भावनाताईंनी फोन करून पुढच्या वर्षीची ऑर्डर पक्की केली.

"फक्त एक, काकू. यादीत एक नारळ आहे. तो काही मिळाला नाही."

स्पीकरवर ऐकणारे अवधूत आणि प्राची विठाबाईंकडे बघत राहिले. वड्या खाऊन महिना झाला होता. विठाबाईंनी पदर सारखा केला.

"जहाज डायरेक्ट नव्हतं ना गं," त्या म्हणाल्या. "कोलंबोला उतरला असेल."