मदतीसाठी संपर्क

कंपनीच्या नव्या प्रोग्रॅमिंग भाषेचं मॅन्युअल पंडितने लिहिलं होतं. पंडित हे काही त्याचं खरं नाव नव्हे. साधी गोष्टही तो चार पानं फिरवून सांगे, म्हणून ऑफिसने बहाल केलेलं. मॅन्युअल कितपत जमलंय हे तपासायला साहेबांनी सोपी युक्ती काढली. शिकाऊ प्रोग्रॅमरना ते वाटायचं आणि अडलेल्यांचे मदत-कक्षात किती फोन येतात ते बघायचं.

"फोन खणखणत राहिले, तर मॅन्युअल रद्दीत आणि तुम्ही विक्री विभागात," साहेबांनी बजावलं.

अनोळखी माणसाला काही विकायचं म्हटलं की पंडितची बोबडी वळे.

पण नवल घडलं. मदत-कक्षातला फोन वाजेचना. तिथल्या दोघी जणी शब्दकोडी सोडवून कंटाळल्या, आणि पंडितला आकाश ठेंगणं झालं.

निकालाच्या आदल्या संध्याकाळी तो घरी आला, तर सासूबाई फोनवर होत्या.

"अरे, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू आपलं मोठ्याने वाच... हं, पुढे?... बघ, सापडली ना तुझी तुलाच चूक? आता जरा चहा घे."

"कोण होतं?" पंडितने विचारलं.

"तुमच्या त्या भाषेची पोरं. रोज करतात हो फोन. गुणी आहेत."

पंडितने झडप घालून मॅन्युअल उघडलं. शेवटच्या पानावर 'मदतीसाठी संपर्क', आणि त्याखाली चक्क घरचा नंबर! लिहिताना तात्पुरता म्हणून टाकलेला, तो बदलायचा राहूनच गेला होता.

"अहो, मला आधी नाही का सांगायचं?"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही त्यांना समजावत बसला असतात."

पंडितने कपाळावर हात मारला. खरं सांगावं तर विक्री विभाग, लपवावं तर जिवाला घोर. शेवटी मनाचा हिय्या करून साहेबांना फोन लावायला तो उठला, तेवढ्यात फोनच वाजला.

"हॅलो, आजी आहेत का?" आवाज दबका होता, पण चांगलाच ओळखीचा. "जरा घाई आहे हो. उद्या या मॅन्युअलचा निकाल द्यायचाय, आणि मला पहिलाच धडा जमत नाहीये. हाताखालच्या लोकांना विचारायची चोरी! काल आजींनी निम्म्यापर्यंत आणलं होतं."

पंडितने फोन सासूबाईंच्या हातात दिला.

"आलास का, बाळा?" सासूबाई म्हणाल्या. "घाबरू नकोस. कालच्या ओळीपासून वाच बघू."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी भर बैठकीत मॅन्युअल उत्कृष्ट असल्याचं जाहीर केलं. मग पंडितला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले, "शेवटच्या पानावरचा नंबर चुकलाय. आलंय का तुमच्या लक्षात?"

"हो साहेब," पंडित घाम पुसत म्हणाला. "आजच बदलतो."

"खबरदार बदललात तर!"